एसएमपीएस कुठल्या कंपनीचा?

अकरावी, डिप्लोमा, इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की कॉम्प्युटरच्या दुकानांतून एक ठरावीक कोटेशन हातात पडू लागतं. गाव बदलतं, मजकूर बदलत नाही. आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, काचेचं आरजीबी कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस फ्री. खाली एक गोल आकडा. फुल सेट, तयार. आईवडील आकडा बघतात, मुलगा ‘आय-५’ आणि ‘ग्राफिक्स’ हे दोन शब्द बघतो, आणि व्यवहार ठरतो.

या कोटेशनमधली जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धवट आहे. आणि जो अर्धा भाग लिहिलेला नाही, तो दर वेळी गिऱ्हाइकाच्या तोट्याचा आहे.

लाखभराचं मशीन घ्यायला येणारा बहुतेक वेळा अभ्यास करून येतो. त्याच्यासमोर दुकानदार जपून बोलतो. फटका बसतो तो पंचवीस-तीस हजार जमवून आलेल्या माणसाला. ज्याला एक रुपयाही वाया घालवणं परवडत नाही, त्याच्याच गळ्यात गोदामातला जुना माल मारतात आणि वर ‘तुमच्या बजेटमध्ये एवढंच येतं दादा’ असं ऐकवतात. हे खोटं आहे. त्याच पैशात याहून पुष्कळ चांगलं मशीन उभं राहतं. पैसे आधी कुठे घालायचे आणि कुठे मुळीच घालायचे नाहीत, एवढं मात्र दुकानात शिरण्याआधी ठरलेलं हवं.

‘आय-५’ घ्या. हे नाव २००९ पासून बाजारात आहे. त्यामुळे पूर्ण नंबर कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आय-५ ३४७० असेल तर तो तिसऱ्या जनरेशनचा, २०१२ सालचा. आय-५ १२४०० असेल तर बाराव्या जनरेशनचा, २०२२ सालचा. मधे दहा वर्षं गेली. स्वस्त फुल सेटमध्ये निघतो तो बहुधा पहिला, नाहीतर त्याच्याच वयाचा दुसरा कुठला तरी: एखाद्या ऑफिसच्या भंगारातून आलेला प्रोसेसर, आणि त्याच्याखाली नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा, एच६१ चिपसेटचा ‘नवा’ बोर्ड. बोर्ड खोक्यातून निघतो, चकचकीत असतो, म्हणून सगळं मशीनच नवं वाटतं. बाराव्या जनरेशनचा साधा आय-३ १२१००, चार कोअर आणि आठ थ्रेडचा, या जुन्या आय-५ला दुपटीहून अधिक फरकाने मागे टाकतो. तरीही गिऱ्हाईक ‘आय-३ नको’ म्हणतं, कारण तीनपेक्षा पाच मोठा हे त्याला कोणीतरी शिकवून ठेवलेलं आहे.

शिवाय जुन्या आय-५चं हे मशीन विकत घेतल्या दिवसापासून म्हातारं असतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या जनरेशनवर ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणणारा दुकानदार ही तपासणी चुकवून ते टाकत असतो. पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडलं तर बघायचं कोणी? तो तर नक्कीच बघणार नाही.

आता ते २ जीबी ग्राफिक्स कार्ड. हे बहुतेक वेळा जीटी ७१० किंवा जीटी ७३० असतं. जीटी ७३० हे २०१४ सालचं, जीटी ७१० त्याच पिढीतलं. एनव्हिडियाने त्या पिढीच्या केप्लर कार्डांसाठी नव्या गेम-ड्रायव्हरचं काम २०२१ मध्येच थांबवलं. ‘२ जीबी’ म्हणजे कार्डावर मेमरी किती, एवढंच. कार्डात ताकद किती हे त्यातून कळत नाही. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच असलेलं ग्राफिक्स जीटी ७१० पेक्षा कितीतरी जोरकस चालतं, आणि त्यासाठी वेगळा रुपया मोजावा लागत नाही. म्हणजे कार्डाचे तीन-चार हजार हा मशीन मंद करण्यासाठी केलेला खर्च झाला. क्रिप्टोच्या मायनिंगमधून निघालेली आरएक्स ५८० सारखी कार्डं हा दुसरा सापळा. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं पुसूनपासून बाजारात आली. ज्याला कार्ड उघडून त्याची पेस्ट बदलता येते, त्याने घ्यावं. मुलाच्या अभ्यासासाठी मशीन घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

थोडक्यात, छोट्या बजेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. ज्याच्या पोटात ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्या. इथे एका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही; कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. एएमडीच्या या मालिकेत उलट आहे: ‘जी’ असेल तर ग्राफिक्स आहे, नुसता ५६०० असेल तर नाही. काही दुकानदार एफवाला प्रोसेसर हजार रुपये स्वस्त देतात आणि मग ‘कार्ड तर लागेलच’ म्हणून ते पडून राहिलेलं जीटी ७१० खपवतात. दोन्ही वस्तू एकाच बिलात दिसल्या तर समजून जा.

‘पण साहेब, पुढे अपग्रेड करता आलं पाहिजे,’ असं म्हणून महागडा बोर्ड पुढे केला जातो. एएमडीचं नवं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर त्यावर बसत राहतील हे खरं. पण ज्याने काटकसरीने आज मशीन बांधलं, तो तीन वर्षांनी प्रोसेसर बदलत नाही. तो रॅम वाढवतो, एसएसडी मोठी करतो, आणि मशीन सहा-सात वर्षं ओढतो. माझं स्पष्ट मत आहे की भविष्यातल्या प्रोसेसरसाठी आज पैसे अडकवणं ही ऐपत असलेल्यांची चैन आहे. ५६००जी सोबत चांगल्या कंपनीचा बी४५० किंवा बी५५० बोर्ड, नाहीतर १२१०० सोबत एच६१० बोर्ड, एवढ्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट, कोडिंग, टॅली, फोटोशॉप, मराठी डीटीपी, घरचा व्हिडिओ कापणं हे सगळं नीट होतं. ५६००जीच्या एएम४ सॉकेटचे जुने बोर्ड घेताना दुकानदाराला बायोस अपडेट करून द्यायला सांगा, नाहीतर जुन्या बायोसवर ५६००जी सुरूच होणार नाही.

रॅमचं दुखणं सध्या सगळ्यांनाच आहे. २०२५ च्या अखेरीस भाव असे चढले की आधीचं कोटेशन महिन्यात निरुपयोगी ठरावं. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करण्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं मध्यमवर्गीय मशीनमध्ये निमूट काम करणारी ती रॅम होती. त्या कंपनीला आपण नकोसे झालो, हे मला लागलं.

तरीही दुकानात एक गोष्ट सोडू नका. एकच ८ जीबीची पट्टी घेऊन ‘पुढे दुसरी टाका’ हा सल्ला पोटातल्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरसाठी वाईट आहे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबीच्या वेगाने माल पोचवते. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर लावल्या तर ५१.२. म्हणजे दुसऱ्या पट्टीने नुसती जागा वाढत नाही, रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि ग्राफिक्सचा वेग चढतो. १६ जीबी घ्यायचे असतील तर ८ च्या दोन घ्या. ८ वरच भागवायचं असेल तर ४ च्या दोन मिळतात का बघा. मात्र ज्या बोर्डाला दोनच खाचा आहेत तिथे पुढे वाढवताना त्या दोन्ही काढाव्या लागतील, हे जाणून घ्या.

आणि या भावात सेकंडहँड रॅम घ्यायला लाजू नका. रॅममध्ये हलणारा, झिजणारा भाग नाही. विकणाऱ्याकडेच बसून मेमटेस्ट८६ चालवा, एकही चूक निघाली नाही तर घ्या. प्रोसेसरही सेकंडहँड चालतो. पिना वाकलेल्या नाहीत ना एवढं बघायचं. हार्ड डिस्क मात्र कधीच नाही.

कोटेशनमधल्या त्या ‘५०० जीबी हार्ड डिस्क’बद्दलही हेच. नव्या म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक डिस्क जुन्या ऑफिसांतून, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून उतरवलेल्या असतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर दुकानातच चालवा आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा वाचा. तिथे २६ हजार दिसले तर ती डिस्क अखंड तीन वर्षं फिरून तुमच्यापर्यंत आलेली आहे. तशीही आज कोणी विंडोज फिरत्या डिस्कवर टाकू नये. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट, आणि फिरती डिस्क फार तर दीड-दोनशे. बारीकसारीक फायली शोधायला लागली की तेही नाही. २५६ जीबीची का होईना, वॉरंटीची नवी एसएसडी घ्या. मशीन झटपट उठतं ते तिच्यामुळे.

आता ज्या वस्तूवर कोणीच बोलत नाही तिच्याकडे येतो: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कोटेशनवर ‘४५० वॅट’ असतं, कंपनीचं नाव नसतं. बहुतेक वेळा ते कॅबिनेटसोबत आलेलं पाच-सहाशे रुपयांचं डबडं असतं. बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतो. मग स्टिकरवरचे ४५० आले कुठून? चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच ओळीत ३५ अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो.

गंमत अशी की आपल्या मशीनला ४५० वॅट लागतही नाहीत. ५६००जीचा टीडीपी, म्हणजे कंपनीने ठरवलेला विजेचा आकडा, ६५ वॅट, आय-३ १२१०० जोर लावून ८९ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून सगळं मशीन दीडशेच्या आत राहतं. मग त्या डबड्याचे खरे १६८ वॅट पुरले की! पुरतात, वीज सरळ आहे तोवर. महाराष्ट्रातल्या किती गावांत ती सरळ असते? संध्याकाळी पंप आणि पंखे एकदम चालू झाले की व्होल्टेज घसरतं, मध्यरात्री भार उतरला की चढतं, आणि लाइट जाऊन येताना दणका बसतो तो वेगळाच. दणका बसल्यावर चांगलं एसएमपीएस स्वतः बंद पडतं आणि आतल्या वस्तू वाचवतं. वाईट एसएमपीएस मरताना बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतं. पाचशे रुपयांच्या डब्यावर पंचवीस हजारांचं मशीन आणि त्यातला प्रोजेक्ट टांगून ठेवणं मला समजत नाही.

म्हणून कोटेशन वरून वाचू नका, एसएमपीएसपासून वाचा. नाव असलेल्या कंपनीचं, ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचं, तीन-पाच वर्षांच्या वॉरंटीचं एसएमपीएस दोन-तीन हजारांत येतं. ते पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा. ‘८० प्लस’ हे विजेच्या बचतीचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नाही, हे खरं. पण त्या परीक्षेत उतरायला आतलं काम बरंच नीट असावं लागतं. स्टिकरवर इनपुट ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर तेच निवडा. गावाकडच्या घसरत्या व्होल्टेजला ते धीराने तोंड देतं; ‘२००-२४०’वालं लवकर हात टेकतं.

चांगलं एसएमपीएस आणलं आणि दोन पिनांच्या बोर्डात खुपसलं, तर अर्धं काम पाण्यात. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार भाड्याच्या खोल्यांतून, चाळींतून, वाड्यांतून सतत ऐकू येते. लोक लाकडी पाटावर पाय ठेवून बसतात आणि सवय करून घेतात. त्यामागचं कारण सोपं आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथला बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर खोकं साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, एकशे पंधराच्या आगेमागे, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच मशीनच्या आत एखाद्या दिवशी फेजची वायर पत्र्याला टेकली, तर खोक्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी पडणार नाही. तिथे कोणाचं तरी लेकरू हात टेकून बसलेलं असेल. प्लगची जाड पिन तोडून तो दोन पिनांत बसवणाऱ्याला मी कधीच माफ करणार नाही. आरजीबी पंख्यांचे हजार रुपये वाचवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, टेबलाजवळच्या सॉकेटला खरी अर्थिंग आणि जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये ही ओळ कधीच नसते. ती पहिली असायला हवी.

६०० व्हीएचा यूपीएस त्यानंतर. तो साधारण ३६० वॅट पेलतो, म्हणजे आपल्या मशीन-मॉनिटरला पुरेसा. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला दहा मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, ती धरून चला.

आणि पैसे खरोखरच पंधरा-सोळा हजारांवर अडले असतील, तर मशीन बांधूच नका. हे मी अगदी मनापासून सांगतो. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले डेल, एचपी, लेनोवोचे ऑफिस डेस्कटॉप रीफर्बिश्ड म्हणून मिळतात. त्यात आठव्या जनरेशनचा आय-५ ८५०० असलेला शोधा: सहा कोअरचा, २०१८ चा, विंडोज ११ च्या यादीत बसणारा. त्याचं एसएमपीएस मूळ कंपनीचं, बोर्ड मूळ कंपनीचा, आणि बऱ्याचदा विंडोजचं खरं लायसन्स बोर्डातच नोंदलेलं. जुनं म्हणून विकलं जाणारं हे मशीन, नवं म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या काचेच्या खोक्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. विंडोजचे पैसे नसतील तर लिनक्स मिंट टाका. मराठी टायपिंग त्यात उत्तम चालतं, आणि कुठल्या तरी ‘ॲक्टिव्हेटर’सोबत व्हायरसही घरात येत नाही.

राहिलं बिल. ‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल’ हे वाक्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या स्टँडपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्या १८ टक्क्यांच्या भीतीने माणूस साध्या चिठ्ठीवर माल घेतो आणि तीन वर्षांची वॉरंटी तिथेच सोडून देतो. बॉक्समधल्या प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी दोघेही तीन वर्षं देतात, पण खरेदीचा पुरावा हवा. ट्रेमधून सुटा काढलेला प्रोसेसर दिला तर कंपनी हात वर करते आणि दुकानाची एक वर्षाची तोंडी वॉरंटी उरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून सदोष माल परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही.

बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ लिहून घेऊ नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस: प्रत्येकाचं मॉडेल आणि सिरियल नंबर वेगळ्या ओळीत हवा. खोकी तुमच्यासमोर फोडायला लावा आणि सगळी रिकामी खोकी घरी न्या. दुकानदार म्हणेल, एवढं कोणी मागत नाही. तुम्ही मागा. तो नाहीच म्हणाला तर पैसे खिशात ठेवा आणि पलीकडचं दुकान चढा.